विरोधी बाकावरच्या भाषणानं कायदा बदलतो का?

मुठाकाठ

निवडणूक जवळ आली की खासदार-आमदारांची प्रगतिपुस्तकं फोनवर फिरायला लागतात. इतके प्रश्न, इतक्या चर्चा, इतकी टक्के हजेरी. विरोधी पक्षातल्या सदस्याच्या बाबतीत मला हे आकडे फार अपुरे वाटतात. त्याच्या हातात खातं नसतं, निधी वळवण्याची ताकद नसते. त्याचं खरं काम दिसतं ते सरकारनं आणलेल्या विधेयकावर तो काय बोलतो यात, आणि त्यातही कलमवार चर्चेत.

नुकतीच आपल्याकडच्या एका महाविद्यालयात युवा संसदेला परीक्षक म्हणून गेले होते. विरोधी बाकावरची बहुतेक मुलं उभी राहिली, सरकारवर तुटून पडली, शेर म्हणून बसली. एका मुलीनं मात्र विधेयकाचा कागद हातात धरून विचारलं, दंड किती आणि तो कुणी ठरवायचा हे कायद्यात का नाही? सगळं 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' म्हणून नियमांवर का सोडलंय? मी तिला सर्वाधिक गुण दिले. बाकीच्या परीक्षकांचं म्हणणं पडलं की संख्याबळ नसताना असं बारीक बोलून काय होणार, विरोधकानं लोकांना जागं करावं.

म्हणून विचारते. हरणार हे माहीत असताना विधेयकावर बोलल्यानं, दुरुस्त्या सुचवल्यानं खरंच काही बदलतं का? उदाहरणं हवी आहेत. आजच्या पक्षांची भांडणं कृपया इथं नकोत.

पेठेतला

नाही बदलत. ज्याच्याकडे डोकी जास्त त्याचं विधेयक मंजूर. उत्तर संपलं.

तळजाई

काका, धागा उघडून पाच मिनिटं झाली नाहीत तर तुम्ही कुलूप लावताय :)

मी अभ्यासिकेत बसून राज्यघटना वाचणाऱ्यांपैकी आहे. वाचतोय, लिहा सगळ्यांनी.

गणेशखिंड

मुठाकाठताई, तुमच्या त्या विद्यार्थिनीनं बरोबर जागी बोट ठेवलं. वकिलीत आयुष्य गेलं आणि अशिलांची निम्मी भांडणं याच 'विहित' गोष्टींवरून झालेली पाहिली. कायदा सभागृहात होतो, नियम मंत्रालयात होतात.

आधी विधेयक पुढं कसं सरकतं ते थोडक्यात सांगतो. पहिलं वाचन म्हणजे मांडणं. दुसऱ्या वाचनात आधी विधेयकामागच्या तत्त्वांवर सर्वसाधारण चर्चा होते, मग एकेक खंड, म्हणजे विधेयकातलं एकेक कलम, मतास टाकतात. दुरुस्त्या याच टप्प्यावर येतात. तिसरं वाचन म्हणजे विधेयक संमत करण्याचा प्रस्ताव. टीव्हीवर आपण पाहतो ती भाषणं बहुतेक सर्वसाधारण चर्चेतली. खंडवार टप्पा चालू होतो तेव्हा वार्ताहर बातमी पाठवायला उठलेले असतात.

लोकसभेत दुरुस्तीची सूचना आदल्या दिवशीपर्यंत द्यावी लागते. त्यामुळे विधेयकाची प्रत कधी हातात पडते याला फार महत्त्व आहे. प्रत उशिरा मिळाली तर सदस्य शेर म्हणण्यापलीकडे करणार तरी काय?

आता तुमचा प्रश्न. कायद्याचा अर्थ लावताना एखाद्या सदस्यानं सभागृहात काय म्हटलं याला न्यायालय सहसा फारसं वजन देत नाही. विधेयक मांडणाऱ्या मंत्र्यानं काय सांगितलं याचा मात्र आधार घेतला जातो. म्हणून मुरलेला विरोधी सदस्य मंत्र्याला नेमका प्रश्न विचारतो: "या कलमाखाली अमुक माणूस येतो की नाही, ते आत्ता सांगा." मंत्री उत्तर देतो आणि ते कायमचं इतिवृत्तात जातं. "आम्ही तसं करणार नाही", "नियमांत खुलासा करू" असं तो म्हणाला तर ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला संसदेतही आणि आपल्या विधिमंडळातही स्वतंत्र आश्वासन समिती असते. मत फुटलं नाही तरी उत्तर काढून घेता येतं. भाषण किती तडफदार होतं यापेक्षा मी हे बघतो.

पेठेतला

आश्वासन समिती. बरं. आश्वासनं पाळली जातात का तेही सांगा मग.

गणेशखिंड

काही पाळली जातात, काही वर्षानुवर्षं प्रलंबित राहतात. पण प्रलंबित म्हणून नोंद तरी असते. विचारलंच नसतं तर तीही नसती.

दापोलीकर_पुण्यात

उदाहरण मागितलंय तर पुण्यातलंच देते, कौन्सिल हॉलचं.

विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाकडून रोज जा-ये करणाऱ्या किती जणांना माहीत असतं की तिथं कायदेमंडळ भरायचं? मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात राहायचा. त्याचा बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. त्यामुळे पावसाळी अधिवेशनही पुण्यात.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई इलाख्यात काँग्रेसचं सरकार आलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विरोधी बाकावर बसले. १७ सप्टेंबर १९३७ ला, या पुण्याच्या अधिवेशनात, त्यांनी कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आमच्याकडं खोत म्हणजे कोण हे घाटावरच्यांना सांगायला हवं. सरकार आणि कुळ यांच्यामधला सारा गोळा करणारा, आणि गावात त्याचाच शब्द चाले. कसणाऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या राबायचं आणि जमिनीवर नाव खोताचं. त्या विधेयकात नुसती खोती नको एवढंच नव्हतं. खोताला भरपाई देऊन प्रत्यक्ष कसणाऱ्याला कब्जेदाराचा हक्क कसा द्यायचा हेही लिहिलेलं होतं. विरोधात बसलेल्या माणसानं पर्यायी कायदा पुरा लिहून आणला होता!

विधेयक पुढं सरकलं नाही. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत मोर्चा काढला. अखेर खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं. आमच्या घरातली म्हातारी माणसं 'जमीन नावावर झाली' हे ज्या आवाजात सांगायची तो मला अजून ऐकू येतो. त्याची पहिली कलमं पुण्यात वाचली गेली होती हे मला खूप उशिरा, ग्रंथालयात बसून वाचताना कळलं.

पेठेतला

ताई, आदर आहेच. पण माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. १९३७ ला मांडलं, १९४९ ला झालं, आणि तेही सत्ताधाऱ्यांनीच केलं. मधली बारा वर्षं कुळांनी काय करायचं होतं?

दापोलीकर_पुण्यात

मधली बारा वर्षं कुळांकडे एक लिखित मागणी होती. त्याआधी फक्त गाऱ्हाणं होतं. मोर्चात चालणाऱ्याला नेमकं काय हवंय हे सांगता येत होतं.

आणि त्याच माणसाचं दुसरं भाषण वाचा. सप्टेंबर १९३८, औद्योगिक विवाद विधेयक. संपावर बंधनं घालणारा कायदा येत होता. संप करणं हा गुन्हा ठरवणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं, अशी मांडणी त्यांनी केली आणि एकेक तरतूद सोलून दाखवली. विधेयक मंजूर झालंच. पण ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कामगारांनी संप केला तो याच मांडणीवर. सभागृहातला युक्तिवाद गिरणीच्या फाटकापर्यंत पोचला होता. मुठाकाठताईंच्या परीक्षक मित्रांना सांगा, लोकांना जागं करणं आणि कलम वाचणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

मुठाकाठ

हे मला हवं होतं. ही भाषणं कुठं मिळतात?

दापोलीकर_पुण्यात

महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडांत छापली आहेत. दुसऱ्या खंडात मुंबई विधिमंडळातली सगळी कामगिरी आहे. इंग्रजीत आहे. १९२८ च्या प्रसूती लाभ विधेयकावरचं छोटं भाषण आधी वाचा. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलायला हवा, हे तेव्हा बोललेलं आहे.

सातारा_रोड

पुण्याचा विषय निघाला आणि गोखल्यांचं नाव अजून नाही?

नामदार गोखल्यांनी १६ मार्च १९११ ला केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी सक्ती, तीही सरसकट नाही. ज्या भागात आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात तिथं, आणि स्थानिक संस्थेनं मागणी केली तरच. खर्चाचे दोन वाटे सरकारचे, एक वाटा स्थानिक संस्थेचा. इतकं सौम्य, इतकं हिशेबी विधेयक, आणि १९ मार्च १९१२ ला ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं.

त्या चर्चेतल्या भाषणात गोखल्यांनी सांगितलंय की दिवस संपायच्या आत विधेयक फेटाळलं जाणार हे मला ठाऊक आहे, आणि आमच्या पिढीला देशाची सेवा आपल्या अपयशांतूनच करता येईल. हे वाचताना माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं. तीन वर्षांनी ते गेले. आणि १९१८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेलांनी, सरकारी नसलेल्या सदस्यानं, नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण सुरू करू देणारा कायदा करून घेतला. शिक्षण मूलभूत हक्क झालं २००२ च्या घटनादुरुस्तीनं, त्याचा कायदा २००९ चा.

तळजाई

सातारा_रोड, माहिती भारी आहे, पण गोखल्यांना 'विरोधी पक्षाचे' म्हणणं मला पटत नाही. केंद्रीय मंडळात १९०९ च्या सुधारणांनंतरही सरकारी सदस्यांचंच बहुमत होतं. सरकार पडण्याची भीती नाही, निवडणुकीत हरण्याची भीती नाही. असल्या सभागृहाशी आजची तुलना कशी होईल?

सातारा_रोड

पक्ष नव्हता हे खरं. पण तुमच्याच मुद्द्यानं गोखल्यांचं काम जास्त अवघड होतं ना? ज्या सरकारला त्यांच्या मताची काडीची गरज नव्हती त्यालाही आकड्यांना उत्तर द्यावं लागायचं. १९०२ च्या अर्थसंकल्पावरच्या पहिल्या भाषणापासून ते मिठावरच्या कराच्या मागं लागले होते. मणामागं अडीच रुपयांचा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. सगळं श्रेय एकट्याचं असं मी म्हणणार नाही. पण तिजोरीत शिल्लक पडतेय आणि गरिबाच्या मिठावर कर आहे, हे सरकारच्याच हिशेबातून दाखवणारा माणूस समोर बसलेला होता.

एरंडवणे_आजी

गोखल्यांची भाषणं वाचायची असतील तर गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जा. झाडांखालून आत शिरलं की डोकं आपोआप शांत होतं. आमच्या वेळी तिथल्या जुन्या सरकारी अहवालांसाठी बाहेरगावाहून माणसं यायची.

अवांतर: मधू लिमयांना विसरू नका हो. जन्म पुण्याचा, फर्ग्युसनचे विद्यार्थी, आणि निवडून यायचे बिहारमधून! नियमांचं पुस्तक असं पाठ की हरकतीचा मुद्दा घेऊन उभे राहिले की मंत्री कागद चाळायला लागत. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा ते तुरुंगात होते. लोकांनी पाच वर्षांसाठीच निवडून दिलंय म्हणून त्यांनी आणि शरद यादवांनी १९७६ मध्ये राजीनामा दिला. बोलायची सोयच उरली नाही तेव्हा जागा सोडणं हेच त्यांचं मत होतं.

हिंजवडी_फेज_३

जुनी उदाहरणं छान आहेत. आमच्या पिढीतलं एक देतो, आधारचं.

मार्च २०१६ मध्ये आधार विधेयक धन विधेयक, म्हणजे फक्त सरकारच्या कर-खर्चाशी संबंधित विधेयक, म्हणून आलं. धन विधेयकावर राज्यसभेला फक्त शिफारस करता येते, ती मानायची की नाही हे लोकसभा ठरवते. १६ मार्चला राज्यसभेनं जयराम रमेश यांच्या पाच दुरुस्त्या मंजूर करून विधेयक परत पाठवलं आणि त्याच दिवशी लोकसभेनं त्या पाचही फेटाळल्या. बातमी तिथंच संपली.

त्या पाचांतली एक दुरुस्ती होती कलम ५७ वगळण्याची. या कलमामुळे खासगी कंपन्यांनाही आधारवरून ओळख पटवून घेण्याची वाट मोकळी होत होती. नंतर काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. सिमकार्डाला आधार, पाकिटाच्या ॲपला आधार. आणि २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ५७ मधला खासगी कंपन्यांसंबंधीचा भाग रद्द केला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळ्या निकालपत्रात हे धन विधेयक म्हणून आणणंच चुकीचं ठरवलं.

ती दुरुस्ती तेव्हाच स्वीकारली असती तर अडीच वर्षांचा मनस्ताप वाचला असता. ज्यांनी मत दिलं नाही त्यांनी त्या कलमावर नीट विचार केला होता का, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय.

पेठेतला

मग काम न्यायालयानं केलं. खासदारानं नाही.

हिंजवडी_फेज_३

न्यायालयात जाणाऱ्यांच्या आधी सभागृहात कुणीतरी नेमकं तेच कलम दाखवलं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे. सरकारला 'हे कुणाच्या लक्षात आलं नाही' म्हणता येत नाही.

वेताळटेकडी

सगळे विरोधकांचं कौतुक करताय म्हणून उलट बाजू मांडतो. नाथ पै. राजापूरचे खासदार, संसदेतल्या उत्तम वक्त्यांपैकी एक, याबद्दल दुमत नाही. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ निकाल आला की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. त्याच वर्षी नाथ पैंनी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं विधेयक, आणलं: घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला असावा. ते मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी सरकारनं २४ व्या घटनादुरुस्तीनं जवळपास तेच केलं. पुढे आणीबाणीत संसदेच्या अधिकाराचा वापर कसा झाला हे सांगायला नको. विरोधी सदस्यानं आणलं म्हणून विधेयक चांगलं असतंच असं नाही.

एरंडवणे_आजी

वेताळटेकडी, हे थोडं अन्यायाचं आहे. १९६७ च्या डोळ्यांनी बघा. जमीन सुधारणांचे कायदे मालमत्तेच्या हक्काच्या नावाखाली अडकत होते. गरिबांसाठी कायदा करायला लोकांनी निवडलेल्या सभेचे हात बांधलेले नसावेत, ही त्यांची तळमळ होती. सत्ता त्यांच्या पक्षाकडे येण्याची शक्यताही नव्हती. स्वतःला काही मिळणार नसताना त्यांनी संसदेसाठी मागितलं.

वेताळटेकडी

तळमळ मान्य आजी. पण कायदा लिहिताना तो उद्या कुणाच्या हातात जाईल हे बघायलाच हवं. १९७३ च्या केशवानंद निकालानं मूळ चौकटीची, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येणार नाही अशी, मर्यादा घातली म्हणून निभावलं. मी या मतावर ठाम आहे.

गणेशखिंड

दोघांचंही वाचून बरं वाटलं. आज एखाद्या खासगी विधेयकावर लोक इतक्या वर्षांनी भांडतील का?

रात्रपाळी

खासगी विधेयकांचा हिशेब: आजवर फक्त १४ कायद्यापर्यंत पोचली आणि शेवटचं १९७० मध्ये. लोकसभेत त्यांना शुक्रवारची दुपार मिळते, तेव्हा निम्मे खासदार विमानतळाच्या वाटेवर.

तरी काही उपयोगाची ठरतात. द्रमुकच्या तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेनं एप्रिल २०१५ मध्ये मंजूर केलं, त्यानंतर सरकारला स्वतःचं विधेयक आणावंच लागलं. सरकारी कायदा मूळ विधेयकाइतका चांगला नाही असं त्या समाजातल्या अनेकांचं म्हणणं आहे, पण विषय टेबलावर आला तो विरोधी सदस्यामुळे. बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक मांडलं होतं. हिंजवडीवाल्यांनी तरी ते वाचायला हवं.

हिंजवडी_फेज_३

वाचलं होतं. रात्री अकराच्या कॉलवर असताना.

पेठेतला

आता जरा माझं सविस्तर ऐका, एका ओळीत बोलतो म्हणून रागावू नका.

भाषणाला अर्थ असायला ऐकणाऱ्याला मत बदलण्याची मुभा लागते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश निघाला की सदस्याचं मत पक्षाचं. समोरच्याचा मुद्दा शंभर टक्के पटला तरी तो हात वर करू शकत नाही, केला तर सदस्यत्व जाऊ शकतं. मग कुणाला पटवायचंय?

दुसरं, समित्या. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. समितीत कॅमेरा नसतो, पक्षादेश नसतो, तिथं विरोधकाचं ऐकलं जायचं. ती जागाच आकसली.

तिसरं, आवाजी मतदान. २०२० च्या तीन शेती कायद्यांपैकी दोन राज्यसभेत गोंधळात, मतविभागणीची (मतं मोजून नोंदवण्याची) मागणी असताना आवाजी मतदानानं मंजूर झाले. पुढच्या वर्षी २९ नोव्हेंबरला तिन्ही रद्द झाले तेही चर्चेशिवाय. डिसेंबर २०२३ मध्ये १४६ विरोधी खासदार निलंबित असताना फौजदारी कायद्यांची तिन्ही विधेयकं मंजूर झाली. दीडशे वर्षांच्या दंडसंहितेची जागा घेणारा कायदा, आणि विरोधी बाकं जवळजवळ रिकामी. मला याचा संताप येतो म्हणून मी 'नाही बदलत' म्हणतो. बदलायला हवं याबद्दल माझं दुमत नाही.

दापोलीकर_पुण्यात

हा प्रतिसाद पहिल्यांदाच लिहिला असता तर! +१, समित्यांबद्दल तर पूर्ण सहमत.

गणेशखिंड

पेठेतले, तुमचा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा. म्हणून पक्षांतरबंदी असतानाही दुरुस्ती झाल्याचं उदाहरण देतो.

२०१० चं अणुऊर्जा अपघात दायित्व विधेयक. अपघात झाला तर यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करता येईल का, हा प्रश्न कलम १७ मध्ये होता. समितीच्या अहवालात दोन अटी अशा जोडल्या गेल्या की करारात तसं लिहिलं नसेल तर सदोष यंत्र देणाराही सुटावा. भाजप आणि डावे, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, दोघांनीही ते पकडलं. अटी सुट्या कराव्या लागल्या. मग पुरवठादाराचा हेतू सिद्ध करण्याची अट आली, तीही काढावी लागली. २५ ऑगस्ट २०१० ला लोकसभेनं विधेयक मंजूर केलं ते या बदलांसह. भोपाळ वायुकांडाच्या निकालाला तेव्हा जेमतेम अडीच महिने होत होते, त्यामुळे लोकांचं लक्ष होतं. सरकारला राज्यसभेत पाठबळाची गरज होती. आणि विधेयक समितीत जाऊन आलेलं होतं. या तिन्ही गोष्टी जुळल्या की विरोधकाच्या दुरुस्तीला बळ येतं. एकटं वक्तृत्व पुरत नाही.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. पेठेतले, तुमच्यामुळे धागा खोल गेला.

पण माझ्या प्रश्नातला एक भाग सुटलाय. मतदार म्हणून मी नेमकं काय तपासू? चर्चांचा आकडा नको असेल तर काय हवं?

वेताळटेकडी

दुरुस्त्यांच्या सूचना किती दिल्या आणि त्या कशावर होत्या. नुसतं 'हे कलम वगळावं' अशी छापील दुरुस्ती दर विधेयकाला देणारेही असतात. पर्यायी शब्दरचना दिली आहे का ते बघावं.

गणेशखिंड

मतविभागणी मागितली का. आणि समितीत असेल तर भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपल्या असहमतीची लेखी टिपणी, जोडली का. ती अहवालासोबत छापून येते, कोणालाही वाचता येते. वर्तमानपत्रं छापत नाहीत, पण एखाद्या सदस्याचा अभ्यास कळायला त्यापेक्षा चांगला कागद नाही.

सातारा_रोड

आणि छोट्या पक्षाच्या सदस्याला वेळ पक्षाच्या संख्येवर मिळतो, कधी दोन-तीन मिनिटं. त्याचं भाषण मोजताना मिनिटं मोजू नका.

रात्रपाळी

विधानपरिषदही बघा. पुणे पदवीधरमध्ये नाव नोंदवलेले किती जण इथं आहेत? आपल्या प्रतिनिधीनं गेल्या अधिवेशनात कुठल्या विधेयकावर तोंड उघडलं, हे मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

तळजाई

मी एक करतो. लोकसभेच्या संकेतस्थळावर दुरुस्त्यांच्या याद्या आणि रोजचं इतिवृत्त येतं. पुढच्या अधिवेशनात पुणे जिल्ह्यातल्या खासदारांनी, पक्ष कुठलाही असो, कुठल्या विधेयकावर कुठली दुरुस्ती दिली ते याच धाग्यावर टाकत जाईन. विधिमंडळाचं कुणीतरी घ्या, दोन्ही मला जमणार नाही.

दापोलीकर_पुण्यात

विधिमंडळाचं मी घेते.

पेठेतला

मंत्र्याचं उत्तरही टाक रे. आश्वासन दिलं असेल तर तारखेसकट.